रायमुनिया पावलोपावली, रानकुत्रे नशिबानं: पेंच आणि नागझिरा

शुक्रवार

पेंचला चाललोय असं नागपुरात कोणालाही सांगा, पुढचा प्रश्न ठरलेला, "मग, वाघ दिसला का?" अरे अजून गाडीत पेट्रोल भरायचंय, बॅगा भरायच्यात, तरी वाघ दिसला का. या वेळी आमच्या गाडीत वाघाची वाट पाहणारं कोणीच नव्हतं हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाघासाठी इथं आलेल्यांचा वेळ वाया जायला नको.

आमची वरात अशी: मावशी, जिनं उभा जन्म कॉलेजात बॉटनी शिकवली आणि रिटायर झाल्यावरही शिकवणं सोडलं नाही. मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, त्याची ती आत्या. आणि मी, जिचं काम पुऱ्या बांधणं, पाण्याच्या बाटल्या मोजणं आणि या दोघांची भांडणं सोडवणं. मावशीला रायमुनिया पाहायची होती. हो, तीच, पुण्या-मुंबईकडं जिला घाणेरी नाहीतर टणटणी म्हणतात ती, लँटाना. दादाला पाहायचे होते रानकुत्रे. त्याला वाघ भरपूर दिसलेत पण रानकुत्र्यांच्या बाबतीत नशीब फुटकं, दिसल्या त्या फक्त गवतात शिरणाऱ्या काळ्या शेपट्या. त्यामुळे ट्रिप ठरली ती अशी की एकाला जंगलातली सगळ्यात जास्त असलेली गोष्ट पाहायची आणि दुसऱ्याला सगळ्यात कमी असलेली. दादा म्हणाला आत्या तुझं काम तर कामठी रोडलाच होऊन जाईल, जंगलात जायची गरजच काय. मावशी म्हणाली गप बस.

मावशी सेमिनरी हिल्सकडं राहते. ऑफिसातून सरळ तिच्याकडंच गेले तर चहाच्या आधी मला बाहेर फिरायलाच घेऊन निघाली. रस्त्याच्या कडेला, कंपाउंडच्या भिंतीला, टेकडीच्या उतारावर, सगळीकडं रायमुनिया फुललेली. रोज जाता-येता दिसते, मी तिच्याकडं कधी नीट पाहिलं नव्हतं. मावशीनं एक गुच्छ तोडून माझ्या तळहातावर ठेवला. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडासा मोठा, त्यात वीस-पंचवीस बारकी फुलं, मधली पिवळी, कडेची गुलाबी, आणि अगदी मध्ये न उमललेल्या चौकोनी कळ्या. मावशी म्हणाली पिवळी फुलं ताजी, मध त्यांच्यात आहे, परागीभवन झालं, वय झालं की रंग बदलून गुलाबी होतात. ती गळून पडत नाहीत, तशीच राहतात, म्हणजे लांबून गुच्छ मोठा दिसतो आणि फुलपाखरू जवळ आलं की बरोबर पिवळ्यावर बसतं, त्याचाही वेळ वाचतो आणि झाडाचाही. खोड हातात धरून बघ म्हणाली. चौकोनी खोड, त्यावर मागं वळलेले काटे, ओढणी अडकली ती अडकलीच. पान चुरगळलं की तो उग्र वास. या वासाला नाक मुरडणाऱ्यांनीच हिला बागेत आणून लावली, म्हणे.

ही इथली नाहीच. मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. १८०९ च्या सुमारास इंग्रजांनी कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेचं झाड म्हणून आणली, तिथून बंगल्यांच्या कुंपणांना आणि कुंपणांवरून उडी मारून जंगलात. कुळ वर्बेनेसी. मावशी जुन्या पुस्तकांवर शिकलेली, त्या काळी सागवानसुद्धा याच कुळात धरायचे, नंतर त्याला तुळशीच्या कुळात नेऊन बसवलं. म्हणजे पेंचच्या सागवानात घुसलेली रायमुनिया एकेकाळी कागदावर तरी त्याची नातेवाईक होती. मावशीला या गोष्टीचं हसू येतं, मला तेव्हा भूक लागली होती.

शनिवार

पहाटे निघालो. कामठी, कन्हान, मग मानसरला तर्री पोहे. तर्री पोह्यांवर मी लिहिणार नाही कारण ते थांबणार नाही, फक्त एवढंच की चणे कमी आणि तर्री जास्त हवी हे न सांगता कळलेला माणूस मानसरला आहे, आणि संत्री मोसमात आहेत म्हणून टोपलीभर तिथंच घेतली.

मानसरच्या पुढं जंगल सुरू झालं की नॅशनल हायवे ४४ एकदम उचलून खांबांवर घेतलाय. जनावरांना खालून जाता यावं म्हणून. मानसर ते खवासा या पट्ट्यात अशा नऊ जागा आहेत, सगळ्यात लहान ५० मीटरची आणि सगळ्यात मोठी तब्बल ७५० मीटर लांबीची. आधी हा रस्ता कोर्टकचेरीत अडकून पडला होता, मग हे झालं. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी खाली कॅमेरे लावून पाहिलं तर वाघ, अस्वल, चितळ, सगळेच खालून ये-जा करतात, आणि दादानं स्टिअरिंगवर हात आपटून सांगितलं की रानकुत्रेपण. त्याला तेवढ्यानंच कोण आनंद. मी खिडकीतून खाली पाहत होते की बघू एखादा दिसतो का, पण वरून काय दिसणार, बाजूला आवाजाची भिंत असते, ट्रकचा उजेड आणि आवाज खाली जाऊ नये म्हणून. भिंत संपली की कडेच्या भरावावर मात्र कोण? रायमुनिया. जमीन उकरली, ऊन पडलं, की ही हजर. मावशीनं मागच्या सीटवरून "मी काही बोलले का" असा चेहरा केला.

पवनीला डावीकडं वळून सिल्लारीला पोचलो, दुपारची सफारी होती. गेटवर मोबाईल जमा. गाईड ताई जवळच्याच गावातल्या. त्यांनी पहिलंच विचारलं, "काय पाहाचं हाये जी?" आणि मावशीनं शांतपणे सांगितलं, रायमुनिया. ताईंना वाटलं मस्करी करून राहिल्या. मग दादानं सांगितलं वाइल्ड डॉग. तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला, निदान एक तरी शहाणा आहे.

पेंचचा महाराष्ट्राकडचा भाग १९७५ मध्ये नॅशनल पार्क झाला, १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प. सागवान, ऐन, धावडा, तेंदू, मोह, मध्येच एखादा पांढराफेक कुल्लू. नोव्हेंबरचं शेवट शेवटचं ऊन, गवत पिवळं पडायला लागलेलं, छान वाटत होतं. आणि मग एका वळणानंतर दोन्ही बाजूला झाडांच्या खाली गवतच नाही. डोक्याएवढ्या उंचीची रायमुनिया, आत नजर जात नाही, खाली माती उघडी. मावशी म्हणाली हे बघायला आलेय मी. हिच्या सावलीत आणि हिच्या पानांमधल्या रसायनांमुळे दुसरं फार काही उगवत नाही, सागाची, तेंदूची रोपं खालीच दबून जातात. चितळ हिला तोंड लावत नाही. गाईंनी खाल्ली तर लिव्हर बिघडतं, कावीळ होते, मग उन्हात उभं राहिलं की कातडी फाटते. आणि बुलबुल मात्र हिची काळी फळं मजेत खातात आणि पुढच्या झाडाखाली बी टाकून येतात. एका मोठ्या झुडपाला वर्षाला बारा हजारापर्यंत फळं धरतात असं पुस्तकात असतं. कापली तर बुडापासून चारपट फुटते. जाळली तरी फुटते. आणि सुकली की असा पेट घेते की जंगलातला वणवा जमिनीवरून थेट झाडांच्या शेंड्याला पोचतो.

२०२० मध्ये एक अभ्यास आला होता, भारतात वाघ जिथं राहतात त्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त भागात लँटाना घुसली आहे, साधारण १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर. आपला अख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा. म्हणजे अर्धा महाराष्ट्र भरून रायमुनिया, फक्त जंगलातली. हे मावशीनं जिप्सीत सांगितलं तेव्हा ड्रायव्हर भाऊसुद्धा मागं वळून पाहायला लागले.

तेवढ्यात पुढं गाड्यांची गर्दी दिसली. वाघीण आत बसली आहे म्हणे. "आत" म्हणजे कुठं, तर रायमुनियाच्या त्या भल्या मोठ्या जाळीत. कोणीतरी सकाळी आत जाताना पाहिली होती. आता आठ-दहा जिप्स्या, प्रत्येकीत सहा माणसं, लेन्सा ही लांब लांब, आणि सगळे श्वास रोखून एका रायमुनियाच्या झुडपाकडं बघतायत. मावशीला हसू आवरेना, दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली. आयुष्यभर पोरांना लँटाना दाखवायला नेलं, एवढं लक्ष देऊन कोणी पाहिली नव्हती म्हणाली. एक प्लेन टायगर फुलपाखरू येऊन पिवळ्या फुलावर बसलं, दादा म्हणाला हा घ्या, टायगर सायटिंग झालं. शेजारच्या जिप्सीतले काका फार चिडले. वाघीण काही बाहेर आली नाही.

पण इथंच ताईंनी एक गोष्ट सांगितली जी मला पटली, मावशीला अर्धीच पटली. म्हणाल्या, "वाईट हाये त हाये, पण वाघीण पिल्लं यातच लपवते जी. उन्हाळ्यात सावली भेटते तिले. एकदम सगळी काढून टाकली त ते जाईल कुठं?" म्हणून म्हणे पट्ट्या-पट्ट्यानं काढतात. पुढं असा एक काढलेला पट्टा आम्ही पाहिलापण. झुडपं मुळासकट उपटून उलटी ठेवलेली, मुळं आभाळाकडं. मावशी एकदम खूश. ही पद्धत दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंच्या नावानं ओळखली जाते, बुडाच्या खाली तीन-चार सेंटीमीटरवर मुख्य मूळ तोडायचं, जिथून फुटवे येतात तो भाग वर निघून आला पाहिजे, आणि झुडूप उलटं टेकवून ठेवायचं म्हणजे पुन्हा मातीला लागत नाही. मशीन नको, औषध नको, कुदळ आणि माणसं. मग दोन-तीन वर्षं त्या जागेवर फिरून नवीन रोपं उपटत राहायची आणि गवताचं बी टाकायचं. हे "दोन-तीन वर्षं" कोणी करत नाही आणि तिथंच सगळं ओंफस होतं असं मावशीचं म्हणणं. इथं मात्र गवत आलेलं होतं, आणि त्या गवतात चितळांचा कळप. मला वाटतं त्या क्षणी मला दोघांचं भांडण एकच आहे हे कळलं, कारण दादा लगेच म्हणाला, आता इथं येतील बघ माझे. रानकुत्र्याला लागतं चितळ, चितळाला लागतं गवत, आणि गवताच्या जागेवर कोण बसलंय ते तर पाहिलंच.

आले नाहीत. त्या दिवशी रानकुत्र्यांचा केससुद्धा दिसला नाही.

रात्री सिल्लारीत थंडी मरणाची. पण आभाळ! पेंच २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, आजूबाजूच्या गावातले दिवे खाली तोंड करून लावलेत, त्यामुळे चांदण्या अशा की कृत्तिका मोजता आल्या. दादा आणि मी शाल गुंडाळून बाहेर, मावशी आत रजईत बसून उद्याचा रूट बघून राहिली होती.

रविवार

हा दिवस प्रवासाचा, त्यामुळे थोडक्यात. सिल्लारीवरून रामटेक, रामटेकवरून भंडारा, वैनगंगेचा पूल, लाखनी, साकोली. धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये धानाच्या बुडख्यांमधून लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, हिरवीगार वर आलेली. धान उभं असतानाच त्यात लाखोरी फेकून देतात, वेगळी नांगरणी नाही की काही नाही, उरलेल्या ओलीवर येते. साकोलीच्या आधी एका हॉटेलात जेवलो, नाव सांगत नाही, वांग्याच्या भाजीत वांगं शोधावं लागलं.

गाडीत दादाचा तास. ऐकून ऐकून मला पाठ झालंय म्हणून लिहिते. रानकुत्रा, म्हणजे ढोल, आपल्या गल्लीतल्या कुत्र्याच्या जवळचा वाटतो पण वेगळी जात, वेगळी प्रजातीच नाही तर वेगळा वंश, क्युऑन. कुत्र्याला दात ४२, याला ४०, खालच्या जबड्यात दाढेची एक जोडी कमी. वजन बारा ते वीस किलो, बस. एवढ्याशा जनावरानं सांबर पाडायचं म्हणजे एकट्यादुकट्याचं काम नाही, म्हणून टोळी. टोळीत बहुतेक एकच मादी विते, आणि बाकीचे सगळे, काका-मावश्या म्हणा, शिकार करून येतात आणि पोटातलं मांस ओकून पिल्लांना आणि पिल्लांजवळ थांबलेल्यांना देतात. टोळी मोडली की संपलं. एक रायमुनिया कुठंही पडली तरी जगते, एक रानकुत्रा कुठंही जगत नाही. हे शेवटचं वाक्य माझं आहे, दादानं ते लगेच स्वतःचं म्हणून वापरायला सुरुवात केली.

आणि इंग्रजांच्या काळात याच्यावर बक्षीस होतं. शेपटी आणा, पैसे न्या. शिकाऱ्यांना राग, की आमची चितळं, सांबरं हे खातात, आणि तेही जिवंतपणीच फाडून. क्रूर, भेकड, काय काय लिहून ठेवलंय. गोळ्या, विष, गुहेतली पिल्लं मारणं, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत हे चालूच होतं. म्हणजे बघा ना, त्याच साहेबांनी बागेत शोभा म्हणून एक झाड आणलं, पाणी घालून वाढवलं, आणि हजारो वर्षं इथंच असलेल्या जनावराच्या शेपटीला भाव लावला. दोन्ही कामं फार यशस्वी झाली. आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत ढोल "संकटग्रस्त" आहे, अख्ख्या जगात, म्हणजे भारतापासून इंडोनेशियापर्यंत सगळे धरून, पिल्लं देऊ शकतील असे प्रौढ ९४९ ते २,२१५. दादानं भंडाऱ्याच्या सिग्नलला मोबाईलवर भागाकार केला, जास्तीत जास्त आकडा धरला तरी जगातल्या एका ढोलमागं ७० चौरस किलोमीटर रायमुनिया आणि तीही नुसती भारतातली. मावशी म्हणाली असा भागाकार परीक्षेत केला असतास तर शून्य दिला असता. बरोबर आहे, अशी तुलना कोणी करत नाही, पण आकडा डोक्यातून जाता जात नाही.

संध्याकाळी पिटेझरी गेटजवळच्या गावात मुक्काम. घरचे आजोबा शेकोटीला बसले होते, त्यांच्याशी गप्पा. त्यांच्या लहानपणी गावाच्या मागं ढोरं चारायला मोकळं रान होतं, आता तिथं काट्याशिवाय काही नाही, ढोरं अजून आत न्यावी लागतात. आत नेली की रानकुत्रे वासरू नेतात. "मग लोक का करत होते? मेलेल्या ढोरावर औषध टाकत. सारी टोळी एका रात्रीत." आता तसं करत नाहीत म्हणाले, नुकसानभरपाई मिळते, पण गावातली मोकाट कुत्री जंगलात जातात ते पाहून त्यांनाच काळजी वाटते. दादानं मान हलवली. डिस्टेंपर, रेबीज, हे कुत्र्यांचे आजार गावातल्या एका कुत्र्यानं आत नेले तर टोळीची टोळी साफ होऊ शकते, कारण हे सगळे एकाच शिकारीवर तोंड घालतात, एकमेकांना चाटतात. जी एकी जगवते तीच आजाराला वाट देते. आजोबांना मी विचारलं तुम्हाला रानकुत्र्यांची भीती नाही वाटत का, पायी फिरता तुम्ही. हसले. "माणसाले काही करत नाही जी ते. अस्वलाले भ्या." हे खरंच आहे, माणसावर ढोलनं हल्ला केल्याच्या गोष्टी खूप, खात्रीची घटना जवळजवळ नाहीच.

सोमवार

पहाटे गेटवर दात वाजत होते. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आणि २०१३ च्या शेवटी नवेगावबरोबर मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. इथं वाघ फार नव्हते, म्हणून २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडून दोन वाघिणी आणून सोडल्या. आमचे गाईड भाऊ तरुण, त्यांना दादानं वाघाचं नाव न घेता सरळ वाइल्ड डॉग म्हटलं तर त्यांचा चेहराच उजळला. बहुतेक पर्यटकांना ते नको असतात कारण रानकुत्रे आले की चितळं पळतात, वाघ जवळ असल्याचे त्यांचे इशारे, म्हणजे कॉल, बंद, आणि मग वाघ दिसत नाही म्हणून गाडीतले लोक नाराज. टीप जाते म्हणाले. म्हणजे इंग्रज गेले तरी राग तसाच राहिला.

नागझिऱ्यातला रस्ता बांबू आणि सागातून जातो, रायमुनिया इथंही आहे पण मला पेंचच्या त्या पट्ट्यासारखी भिंत कुठं दिसली नाही, इथं जास्त त्रास रानतुळशीचा, म्हणजे अशाच दुसऱ्या तणाचा वाटला, मावशीनं वहीत दोन्ही लिहून घेतलं. एका चौकात, म्हणजे जिथं दोन जंगलातले रस्ते मिळतात तिथं, भाऊंनी गाडी थांबवून खाली बोट दाखवलं. विष्ठेचे ढीग, आठ-दहा, काही जुने पांढरे पडलेले, काही ओले काळे. सगळ्यांत चितळाचे केस. टोळीचा कॉमन संडास. असे रस्त्याच्या फाट्यावर ठरलेल्या जागी करतात, दुसऱ्या टोळीला निरोप असतो की इथं आम्ही आहोत. दादा गाडीतून वाकून असा काही बघत होता की मावशी म्हणाली, अरे प्रसाद आहे का तो.

ओले म्हणजे आजचे. मग भाऊंनी घाई केली नाही, तलावाच्या बाजूला गाडी बंद करून बसवलं. बराच वेळ काही नाही. नुसते हळदे, कोतवाल, लांब कुठं तरी लंगूर. मावशीनं संत्री सोलायला घेतली तर भाऊंनी हातानंच थांबा म्हटलं.

आधी आवाज आला. भुंकणं नाही, हे भुंकतच नाहीत नीट. शीळ. गल्लीतल्या पोरानं मित्राला खाली बोलवायला मारावी तशी, एकदा, मग पलीकडून उत्तर. मग गवतातून पहिला बाहेर आला आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी लहान. तांबडा, पण कोल्ह्यासारखा मळका तांबडा नाही, भाजलेल्या विटेचा रंग. कान गोल, आतून पांढरे केस. शेपूट खाली सोडलेली, अर्ध्यापासून काळीभोर, झुपकेदार. तो रस्त्यावर उभा राहून आमच्याकडं बघत होता, घाबरला नव्हता, कंटाळला असावा. मग दुसरा, तिसरा, मग एकदम तीन-चार. त्यातले दोन-तीन कमी अंगाचे, याच वर्षीची पिल्लं असणार. एकाच्या तोंडाला, छातीला रक्त लागलेलं वाळलं होतं, दुसरा येऊन ते चाटायला लागला. एका पिल्लानं शिंगाचा तुकडा तोंडात धरून आणला होता, दुसरं मागं लागलं, दोघं गाडीच्या पुढून आडवे पळाले, दहा पावलांवरून, शिंग पडलं, पहिल्यानं परत उचललं. दादा रडत होता, असं मी लिहिलेलं त्याला आवडणार नाही, पण रडत होता. कॅमेरा मांडीवर तसाच.

तलावाच्या काठी चितळं होती, ती सगळी एका दिशेला माना करून उभी, एकाही चितळानं पाय हलवला नाही. पोटं भरलेली आहेत हे त्यांना आमच्या आधी कळलं असणार. भाऊ हळू आवाजात सांगत होते की उपाशी असतात तेव्हा काही जण झाडोऱ्यात शिरून जनावर बाहेर काढतात आणि बाकीचे बाहेर वाट पाहतात. मावशीनं विचारलं, दाट रायमुनियात कसं करतात मग? भाऊ म्हणाले, "नाही करत फार. पळाले मोकळं पाहिजे ना, मॅडम." हे काही शास्त्रीय उत्तर नाही, पण रोज जंगलात जाणाऱ्या माणसाचं आहे, म्हणून मावशीनं तेही वहीत घेतलं, खाली "तपासणे" असं लिहून.

मग पुन्हा शीळ आली, कुठून ते कळलं नाही, आणि सगळे उठले. एक एक करत बांबूत गेले, शिंगवालं पिल्लू सगळ्यात शेवटी. उन्हानं अजून थंडी घालवली नव्हती.

परतीच्या वाटेवर साकोलीला चहा घेताना दादा आणि मावशीचं पुन्हा जुंपलं. दादाचं म्हणणं, रायमुनिया काढायला जेवढा पैसा जातो त्यातला थोडा गावकुत्र्यांच्या लसीकरणाला द्या, टोळ्या वाचतील. मावशीचं, टोळ्या वाचून खातील काय, आधी गवत. दादा म्हणे रायमुनिया शंभर वर्षांनी काढली तरी चालेल, टोळी शंभर वर्षं थांबणार नाही. मावशी म्हणे म्हणूनच तर, तुझं जनावर घाई करता येण्यासारखं नाही, कुदळ मात्र आज मारता येते. मला दोघांचं पटत होतं आणि मी भजी खात होते. माझं मत विचाराल तर दादाचं थोडं जास्त, कारण लस कुत्र्याला टोचायची आहे आणि कुत्रं गावात सापडतं, रायमुनियाचं प्रत्येक झुडूप जंगलात जाऊन शोधावं लागतं. पण पेंचमधला तो मोकळा केलेला पट्टा आणि त्यातली चितळं डोळ्यापुढून हलत नाहीत, त्यामुळे फार ठामपणे बोलत नाही. मौद्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो तोपर्यंत भांडण डिव्हायडरवर लावलेल्या शोभेच्या लँटानावर आलं होतं. ती जात बुटकी, फळं कमी धरणारी, नर्सरीत मिळते, मावशीला तीही नको.

जाणार असाल तर: पेंचला पवनीवरून सिल्लारी, नागझिऱ्याला साकोलीवरून पिटेझरी. सफारी आधी ऑनलाइन बुक करा, ओळखपत्र बुकिंगवालंच न्या. नोव्हेंबर-डिसेंबरला सकाळच्या उघड्या जिप्सीत स्वेटर पुरत नाही, कानटोपी आणि हातमोजे घ्या, लाज वाटत असेल तर गेटनंतर घाला. आणि गाईडला पहिल्यांदाच सांगून ठेवा की रानकुत्रे दिसले तर थांबायचंय, नाहीतर ते बिचारे टीपच्या भीतीनं गाडी पुढं काढतात.